वैजूच्या हाताची फाईल

मी आयुष्यात बनवलेली पहिली वेबसाइट एकोणीस ओळींची होती, आणि तिने माझ्या बायकोचा उजवा हात पुसून टाकला.

हसू नका. सावद्यात हे सांगितलं तेव्हा अख्खं गाव हसलं, म्हणून आधीच सांगतोय. मी डिगंबर वारके, वय बावन्न, बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान. फेगडे सर रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या फ्लेक्सवर मी सरांच्या जागी त्यांच्या म्हशीचा फोटो छापला होता, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. तर असा माणूस खरं बोलला तरी कोण ऐकणार?

आधी पट्टीचं सांगतो. हल्ली घरोघरी आहे, पण तुम्ही हातात घातली नसेल तर. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत चढवायची बाही, आतून चौसष्ट बारीक ठिपके. आपण हात हलवतो तेव्हा मेंदू स्नायूंना विजेचे इवलेसे निरोप धाडत असतो. पट्टी ते निरोप टिपते. कुठल्या स्नायूला, कधी, किती जोरात. झाली हाताची फाईल. मग तीच फाईल दुसऱ्याच्या हातावर चालवायची. ठिपके तेच निरोप त्याच्या स्नायूंत सोडतात, मुंग्या येतात आणि हात आपणहून चालायला लागतो. शिवण, तबला, रांगोळी, काहीही. बघणारे पहिल्यांदा घाबरले. मी नाही घाबरलो. मला वाटलं, देवाने हे यंत्र खास माझ्यासाठी काढलं.

पण सुरुवात वात्रटपणाने नाही झाली, शपथ. सुरुवात झाली मांड्यांनी.

माझी बायको वैजयंती, म्हणजे वैजू, हिच्यासारखे मांडे रावेर तालुक्यात कोणी करत नाही. कणीक तिंबून तिंबून रबरासारखी करायची, पोटात पुरण भरायचं, मग पोळपाट नाही, लाटणं नाही, दोन्ही हातांवर तो गोळा फिरवत फिरवत ताणायचा. धोतराच्या कापडासारखा पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. एकदा मी मांड्याआडून वैजूचं तोंड पाहिलं होतं. पलीकडचं स्पष्ट दिसत होतं, आणि ते माझ्यावरच रागावलेलं होतं.

आमची मुलगी ऋजुता नाशिकला फिजिओथेरपी शिकते. तिने फोन केला, "मम्मीचा हात पाठवा ना. हॉस्टेलच्या मुलींना मांडे करून दाखवते."

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी वैजूच्या हाताला पट्टी चढवली आणि सात मांडे होईपर्यंत टिपून घेतलं. फाईल एवढी जड झाली की मेसेजमधून जाईना.

"पप्पा, एक छोटी साइट करा," पोरगी म्हणाली. "दुकानातला जुना कॉम्प्युटर आहे ना, तोच सर्व्हर. सोपं आहे."

"मला येतं का त्यातलं काही?"

"म्हशीचा फोटो सरांच्या जागी चिकटवता येतो ना? मग हे पण येईल."

फोन कानाला लावून तीन दुपारी बसलो. एक चौकट, 'फाईल निवडा'. एक बटण, 'ठेवा'. बटण दाबलं की फाईल कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये जाऊन बसणार. खाली फोल्डरमधल्या फाईलींची यादी, नावावर बोट ठेवलं की उचलता येणार. बस. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवत होतो. झेरॉक्सला आलेली बाई दारातूनच परत गेली.

साइटचं नाव ठेवलं 'उचल-ठेव'.

पोरगी म्हणाली, "पप्पा, आता अजून एक गोष्ट शिका. कोणी त्याच नावाची फाईल परत टाकली तर—"

"गिऱ्हाईक आलंय," म्हणून मी फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. मला लिंक गावच्या ग्रुपवर टाकायची घाई झाली होती.

महिन्याभरात सावदा, फैजपूर, यावल, सगळीकडून लोक हात ठेवायला लागले. कोणी वेणी घालायचा, कोणी केळीचा घड कापायचा. आता मला मोह आवरला नाही. मी 'चहा ढवळणे' नावाची फाईल टाकली. फेगडे सरांनी चालवली. दोन फेरे चमचा नीट फिरला, तिसऱ्याला हात वर आला आणि स्वतःचं नाक धरून बसला.

"डिग्या!" सर नाकातून ओरडले. "हे तुझंच काम!"

मी चार दिवस हसत होतो.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी वैजूच्या हातातून तांब्या पडला. उचलायला वाकली ती उठलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. वाचली. पाय थोडा ओढत चालते. जीभ तर पूर्ण वाचली, आणि दवाखान्यात शुद्धीवर येताच तिने पहिला प्रश्न विचारला, "दुधाचं पातेलं झाकलं होतं का?" पण उजवा हात गेला. खांद्यातून थोडा उचलला जायचा, कोपराच्या खाली ओल्या टॉवेलसारखा. त्या हाताकडे ती बघायचीसुद्धा नाही. भाकरी डाव्या हाताने तोडायची आणि कोणी आलं की पदराखाली उजवा लपवायची.

मग ऋजुता म्हणाली, "पप्पा, मम्मीचा हात आपल्याकडे आहे!"

कमरेला पट्टीचं यंत्र, हातावर पट्टी, आणि वैजूचाच जुना हात वैजूच्या हातात. पहिल्या दिवशी ती बोटं उघडली, मिटली, गोळ्याखाली गेली, गोळा फिरायला लागला. डाव्याला सवय होतीच, तो मागोमाग चालला. मांडा खापरावर पडला आणि वैजू माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ही तर मीच आहे."

मी परसात जाऊन तोंड धुऊन आलो.

एकच गोष्ट ऋजुताला खटकायची. तिच्या फोनवर दोन रेघा दिसायच्या. लाल रेघ म्हणजे पट्टी देतेय तो करंट. निळी म्हणजे वैजूच्या मेंदूकडून येणारा स्वतःचा निरोप. लाल नाचायची, निळी आडवी. चार महिने झाले तरी आडवी. पट्टी काढली की हात पुन्हा टॉवेल. "रोज चालवा," डॉक्टर म्हणायचे, "नाहीतर बोटं आखडतील, मग पट्टीलाही ऐकणार नाहीत."

पट्टीत फाईल साठत नाही, हे लक्षात ठेवा. दर वेळी ती लिंकवरून ताजी ओढून घेते. लिंक कोणाची? आमच्या उचल-ठेवची. ऋजुताही तिथूनच ओढायची. दुसरीकडे नक्कल? मी झेरॉक्सवाला. जगाच्या नकला काढतो. हिची एक काढली नाही.

आखाजीला आठ दिवस होते. खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण, लेकी घरी येतात, आमरस आणि मांडे झालेच पाहिजेत. सकाळी वैजू सरावाला बसली. मी फाईल चालू केली. गोळा फिरला, ताणला, सगळं बरोबर. पण मधेच हाताने एक झटका दिला, गोधडी झटकावी तसा. मांडा खापरावर पडला, आणि तो हात खाली येऊन कमरेवर, लुगड्याला खसकन पुसला गेला.

वैजू आयुष्यात लुगड्याला हात पुसत नाही. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत राहिलो.

"बंद करा," ती पुटपुटली. मग ओरडली, "बंद करा म्हणते ना! हा माझा हात नाही!"

मी दुकानात पळालो. यादीत 'मांडे' होतं. तारीख कालची. वजन वेगळं. काल कोणीतरी त्याच नावाची फाईल ठेवली होती, आणि माझ्या एकोणीस ओळींनी नवीन फाईल जुनीच्या जागी बसवली होती. विचारलं नाही, सांगितलं नाही. कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बाबा, नाव जुळलं तर थांब. ती विसावी ओळ, पोरगी शिकवत होती तेव्हा मी फोन ठेवला होता. आणि आखाजीच्या तोंडावर खानदेशातली बाई हाताची फाईल ठेवील तर तिला दुसरं नाव काय देईल?

मी ग्रुपवर लिहिलं, 'वैजूच्या हाताची फाईल पुसली गेली. कोणी जुनी उचलली असेल तर पाया पडतो, द्या.' पाच मिनिटांत सव्वाशे हसरे चेहरे. फेगडे सरांनी लिहिलं, 'या वेळी कोणाचं नाक?' मी फोन लावला, "सर, खरं बोलतोय." सर म्हणाले, "मागच्या वेळीही असंच रडवेलं बोलला होतास," आणि ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, गावात माझा शब्द किती हलका आहे.

घरी आलो तर वैजू चुलीपुढे तशीच बसलेली. "मला माहीत आहे हा कोणाचा," ती भिंतीकडे बोट करून म्हणाली. "तो झटका, ते कमरेला पुसणं. लग्न होऊन आले तेव्हापासून नऊ वर्षं मी त्या हाताशेजारी बसून मांडे केले."

भिंतीपलीकडे माझ्या मोठ्या भावाचं घर. प्रमिला वहिनी, वैजूची मोठी जाऊ. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. दादाच्या घराच्या वास्तूला दोघींनी मिळून मांडे केले होते. पंगत बसली, व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि थुंकला. पुरणात मूठभर मीठ. भरल्या पंगतीत वहिनी म्हणाली, हे वैजूने केलं, माझं घर बघून हिचं पोट दुखतं. वैजू म्हणाली, तुम्हीच केलं, माझ्या हाताला नावं ठेवायला. संपलं.

मी वहिनीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "काय भाऊजी, आज कोणाची टोपी उडवायला आले?"

"वहिनी, तुम्ही मांडे नावाने हात ठेवला का साइटवर?"

"ठेवला. त्यात काय?"

"त्याने वैजूचा पुसला."

सुपातले तांदूळ जमिनीवर सांडले. "पुसला म्हणजे?"

सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे पण नाही हो जुनी. हिवाळाभर दुपारी दार लावून तिचाच हात चालवत होते. माझे मांडे आता ताणत नाहीत, फाटतात. तिच्यासारखा हात कोणाला नाही हे मला काय माहीत नव्हतं? तोंडाने म्हणायचं नव्हतं एवढंच. मग माझा मला यायला लागला. म्हटलं, आता आपला ठेवू. लोक बघतील." डोळे पुसत म्हणाली, "मला काय ठाऊक, माझा ठेवला की तिचा जाईल?"

म्हणजे वैजूचा जुना हात जगात कुठेच नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा होता वहिनीचा, वैजूकडून शिकलेला, पण स्वतःच्या झटक्यासकट.

"तोच चालव," मी घरी येऊन वैजूला म्हणालो. "बोटं आखडतील गं."

"आखडू दे. जिने भरल्या पंगतीत मला चोर ठरवलं तिचा हात मी माझ्या अंगात घेणार नाही. लाकूड झालं तरी चालेल."

दोन दिवस तिने पट्टी घातली नाही. तिसऱ्या दिवशी ऋजुता नाशिकहून आली. आईची बोटं उघडून बघितली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. करंगळी आणि शेजारचं बोट पूर्ण सरळ होत नव्हतं.

मग मी बोललो. आयुष्यात एवढं भ्यायलो नव्हतो.

"वैजू. ते मीठ मी टाकलं होतं."

ऋजुताच्या हातातून पट्टी पडली.

"फेगडे सरांसाठी एकच मांडा खारट करायचा होता. वेगळ्या पातेल्यात थोडं पुरण काढून त्यात मीठ कालवून ठेवलं होतं. कोणीतरी ते मोठ्या पातेल्यात परत ओतलं. तुम्ही दोघी भांडायला लागल्या, आणि मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सांगू. संध्याकाळी वाटलं, उद्या सांगू."

वैजू उठली, पाय ओढत भिंतीपाशी गेली आणि डाव्या हाताने भिंतीवर तीन थापा मारल्या.

"मोठ्या बाई! ओ मोठ्या बाई! इकडे या जरा. तुमच्या दिराने काय करून ठेवलंय ते ऐका."

वहिनी धावत आली, अनवाणी. तिने ऐकलं. "मीठ?" ती म्हणाली. "मीठ, भाऊजी? अकरा वर्षं?" मग मटकन खाली बसली आणि वैजूचा पाय धरायला लागली. वैजूने तिला डाव्या हाताने वर ओढलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ऋजे," वैजू म्हणाली, "आण ती पट्टी. घाल मोठ्या बाईंचा हात."

चूल पेटली. गोळा हातावर आला. वैजू लालबुंद, सगळा राग मानेवर चढलेला. फाईल सुरू झाली, बोटं चालली, आणि तो झटका आला.

"अहो बाई!" वैजू ओरडली. "मांडा आहे का गोधडी?"

"माझा हात असाच आहे," वहिनी म्हणाली.

"फाटेल ना असा! डावीकडे घ्या, डावीकडे!"

"मला काय सांगतेस? हात तुझ्या अंगात आहे, तूच घे."

"घेऊ द्याल तर ना!"

पुन्हा फाईल. पुन्हा झटका. वैजू दात आवळून त्या हाताशी भांडत होती. खांद्यापासून कुस्ती. सहाव्या मांड्याला झटका आला, पण अर्धाच. मधे कुठेतरी अडला.

"मम्मी, थांब," ऋजुता म्हणाली. "थांबू नको. परत कर. परत!"

तिने फोन माझ्यापुढे धरला. लाल रेघ नाचत होती. आणि तिच्याखाली, चार महिने मेल्यासारखी पडलेली निळी रेघ, तिला एक टोक आलं होतं. इवलंसं. मग अजून एक.

"हे यंत्राचं नाही," पोरगी रडत होती. "हे मम्मीचं आहे. पप्पा, आपण केवढे मूर्ख! तिचा स्वतःचा हात चालवला की सगळं बरोबर व्हायचं. बरोबर होत असेल तर मेंदू कशाला हलेल? तो बसून बघतो. चूक दिसली की तो उठतो, दुरुस्त करायला निरोप धाडतो, नव्या वाटा शोधतो. आपण तिला चार महिने चूकच करू दिली नाही!"

वहिनी म्हणाली, "म्हणजे माझा हात वाईट आहे म्हणून उपयोगी पडला?"

"पडला ना," वैजू घामाने भिजलेली. "चला, अजून एक वाईट मांडा दाखवा."

पुढचे पाच दिवस आमच्या परसात नुसती भांडणं. दोघी सकाळी बसायच्या, एकमेकींची अकरा वर्षांची उणीदुणी काढत मांडे फाडायच्या. ऋजुता रोज करंट थोडा कमी करायची. मला लाकडं फोडणं आणि फुंकणीने चूल फुंकणं एवढंच काम. माझ्याशी दोघीही बोलत नव्हत्या. काही हवं असेल तर वैजू वहिनीला सांगायची, "तुमच्या दिराला म्हणावं, जाळ कमी झालाय." वहिनी चार हातांवर बसलेल्या मला सांगायची. मी जाळ वाढवायचो.

आखाजीच्या सकाळी कैऱ्यांचं लोणचं उन्हात, आमरसाचं पातेलं झाकलेलं, दारात झोक्याचा दोर बांधलेला. मी चुलीपुढे गुडघे टेकून फुंकत होतो. धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं.

"रडता कशाला?" वैजू म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा थेट मला.

"धूर आहे," मी म्हणालो. आणि माझ्या तोंडाला काय सुटलं कोणास ठाऊक, सवयच ती, मी पुढे म्हणालो, "पुरणात मीठ बघून घेतलं ना?"

परसात सगळं थांबलं. वहिनीचा हात हवेत. ऋजुता डोळे फाडून माझ्याकडे.

आणि सटकन काहीतरी गार, चिकट, वजनदार माझ्या थोबाडावर येऊन बसलं. कणकेचा गोळा. नाकात कणीक, मिशीत कणीक, एका डोळ्यावर कणीक. दुसऱ्या डोळ्याने मी वैजूकडे पाहिलं. तिचा उजवा हात पुढे आलेला होता, पाचही बोटं उघडी. थरथरत होती, पण उघडी.

"ऋजे," मी कणकेतून कसंबसं म्हणालो, "करंट किती ठेवलाय?"

ऋजुताने हळूच पट्टी वर धरली. तिच्या हातात. ती अजून चढवलीच नव्हती.

वैजू स्वतःच्या तळव्याकडे बघत होती, उलटा करून, सुलटा करून. वहिनीने तोंडावर पदर घेतला. मी जागचा हललो नाही, गोळा पुसलाही नाही. मला ऐकायचं होतं ती आता काय म्हणते.

वैजूने परातीतून दुसरा गोळा उचलला. उजव्याच हाताने.

"हलू नका," ती म्हणाली.